जमीन अल्लाहची, हिशेब कोणाचा?

गरिबी नशिबाने येते, असे आमच्याकडे अजूनही बोलले जाते. मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही विषय निघाला की दोन वाक्यांत निकाल लागतो. सरकार आपले नाही आणि तकदीर साथ देत नाही! यातले पहिले वाक्य आम्हाला अर्धे खरे वाटते आणि दुसरे पूर्ण खोटे. परभणी जिल्ह्यातील मुसलमान गरीब आहे तो वाडवडिलांनी काही ठेवले नाही म्हणून नव्हे. जे ठेवले त्याचा हिशेब कोणी दिला नाही आणि समाजाने तो कधी मागितला नाही, म्हणून तो गरीब आहे.

गरीब देशांचेही असेच असते. कांगोच्या जमिनीत तांबे आहे, कोबाल्ट आहे, हिरे आहेत. मोबुतूने 1965 ते 1997 अशी बत्तीस वर्षे त्या देशावर राज्य केले. सरकारी तिजोरी आणि स्वतःचा खिसा यांत त्याने फरकच ठेवला नाही. देश भिकेला लागला. त्याच आफ्रिकेत बोत्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अत्यंत गरीब देशांत गणला जात होता. पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. त्या सरकारने खाण कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि तो पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांवर लावला. आज तो देश मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोजला जातो. हिरे दोघांकडेही होते. एकाकडे हिशेब होता, दुसऱ्याकडे नव्हता, एवढाच फरक.

हेच माप आता आपल्या गावाला लावून पाहू. आपले हिरे म्हणजे वक्फच्या जमिनी.

महाराष्ट्रात वक्फच्या नोंदलेल्या मालमत्ता सुमारे 23 हजार 500 आहेत आणि त्यांची जमीन सुमारे 37 हजार हेक्टर. त्यापैकी 23 हजार हेक्टर, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, एकट्या मराठवाड्यात आहे. निजामाच्या राज्यात दर्गा, मशीद, आशुरखाना, कब्रस्तान यांच्या दिवाबत्तीसाठी आणि सेवेसाठी इनामे दिली गेली, त्यांचा हा वारसा. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची काळी कसदार जमीन त्यात आहे. आता साधे गणित करू. मराठवाड्यातील या जमिनीपैकी निम्मी कब्रस्ताने, इमारती आणि पडीक म्हणून सोडून देऊ. उरली 28 हजार एकर. तिचा खंड एकरी फक्त पाच हजार रुपये धरू. परभणीचा कोणताही शेतकरी हा दर ऐकून हसेल, इतका तो कमी आहे. तरीही वर्षाला 14 कोटी रुपये होतात.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून हा आकडा आम्ही शाळेच्या भाषेत वाचतो. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांना मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती 2022 मध्ये बंद झाली. प्राथमिकच्या मुलाला तिच्यातून वर्षाला हजार रुपये मिळत. ती बंद झाली तेव्हा निवेदने दिली गेली, घोषणा झाल्या, आणि ते योग्यच होते. पण हजार रुपयांप्रमाणे 14 कोटींत एक लाख चाळीस हजार मुले बसतात. ज्या समाजाच्या नावावर एवढी जमीन आहे, त्या समाजाची मुलगी दहावीनंतर बसभाड्यासाठी शाळा सोडते. मग दोष कोणाला द्यायचा? तकदीरला?

ही गोष्ट आम्ही प्रथम सांगतो आहोत असे नाही. न्या. सच्चर समितीने 2006 मध्ये देशभरच्या वक्फचा ताळेबंद मांडला. मालमत्तेची कागदोपत्री किंमत 6 हजार कोटी, बाजारभावाने 1 लाख 20 हजार कोटी, आणि वर्षाचे उत्पन्न अवघे 163 कोटी. नीट कारभार झाला तर हेच उत्पन्न 12 हजार कोटींवर जाईल, असे समितीने लिहिले. आपल्या राज्यात 2008 मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदूर रहमान समितीने 2013 मध्ये अहवाल दिला. राज्यातील जवळपास साठ टक्के मुसलमान दारिद्र्यरेषेखाली आहेत, असे त्यात म्हटले आहे. हे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. कोट्यवधींची मालमत्ता आणि साठ टक्के दारिद्र्य एकाच घरात राहतात. मधली भिंत भ्रष्टाचाराची आहे.

हा भ्रष्टाचार चालतो कसा? तो रात्री दरोडा घालून होत नाही. दिवसाढवळ्या, शिक्क्यानिशी होतो. निजामी इनामांचे दोन मुख्य प्रकार. मशरूतुल खिदमत म्हणजे दर्गा किंवा मशिदीच्या सेवेच्या अटीवर दिलेली जमीन. मदद माश म्हणजे एखाद्या घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली. हैदराबाद संस्थानातील इनामे रद्द करणारा कायदा 1954 साली आला, तेव्हा धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली होती. सगळी मेख इथे आहे. सेवेची जमीन कागदावर निर्वाहाची दाखवायची, खालसा झाल्याचा आदेश मिळवायचा, कब्जेदार म्हणून नाव लावायचे. मग फेरफार, मग खरेदीखत, मग अकृषक परवानगी, मग प्लॉट. मुंतखब एका कपाटात उर्दूत पडून राहतो, सातबारा दुसऱ्या कचेरीत मराठीत बदलत जातो. दोन्ही वाचू शकेल असा माणूस गावात नसतो. जो असतो त्याला आधीच गप्प केलेले असते.

बीड जिल्ह्यात 2021 नंतर याच प्रकारचे गुन्हे नोंदले गेले. महसूल खात्यातील अधिकारीही आरोपी झाले. न्यायालयात काय ठरायचे ते ठरेल. पण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की तिथे हिंदू देवस्थानांच्या इनाम जमिनींबाबतही तशाच तक्रारी झाल्या. मंदिराची जमीन आणि दर्ग्याची जमीन गिळणारे तोंड एकच आहे. त्याला जात नाही, धर्म नाही. म्हणून वक्फच्या लुटीला हिंदू विरुद्ध मुसलमान असा रंग देणारे, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, चोराला पळायला वाट करून देतात.

आता सरकारचे पाहू. मराठवाड्याला 1995 च्या कायद्याआधीही स्वतःचे वक्फ मंडळ होते. नव्या कायद्याखाली राज्याचे मंडळ यायला 2002 उजाडले. वक्फ जमिनींच्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी 2007 मध्ये शेख आयोग नेमला गेला. अहवाल यायला वर्षांमागून वर्षे गेली आणि कारवाईची वाट पाहणे अजून संपले नाही. दुसऱ्या सर्वेक्षणासाठी प्रायोगिक म्हणून पुणे आणि आपला परभणी असे दोन जिल्हे निवडले गेले. मोजणी झाली, नकाशे झाले. पण ज्या गावची जमीन मोजली त्या गावच्या जमातीला, तुमच्या दर्ग्याची इतकी एकर आहे आणि ती आज अमक्याच्या ताब्यात आहे, हे कोणी सांगितले का? वक्फ न्यायाधिकरण पावणेदोनशे किलोमीटरवर औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. पूर्णा किंवा गंगाखेड तालुक्यातील गरीब नमाजीने तारखेला जायचे तर दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि वकील, तिन्ही त्याच्याच खिशातून. सरकारचा नाकर्तेपणा म्हणतात तो हाच. कायदा आहे, कचेरी आहे, न्याय मात्र दूर आहे.

पण सरकारला शिव्या देऊन आम्ही थांबणार नाही, कारण तिथे थांबणे सोयीचे आहे. तलाठ्यापर्यंत कागद नेऊन देणारा हात कोणाचा असतो? बहुतेक वेळा तो आपल्यातलाच असतो. हजरत उमर यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. मूळ जमीन राखावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशाने वाटायची नाही. आणि देखभाल करणाऱ्याने? त्याने तिच्यातून रास्त तेवढे खावे, पण तिच्यावर मालदार होऊ नये. वक्फची सारी राज्यघटना या चार ओळींत आहे. आज जिल्ह्यात फिरून पाहावे. आमच्या माहितीत असे गाव आहे, जिथे दर्ग्याची चांगली वीस एकर जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकच घर कसते आणि उरुसाला भाताची एक देग देऊन मोकळे होते. वीस एकरांचा खंड एक देग! गावही ती देग खाऊन दुआ देते. ती अमानत आहे, तिच्यात खयानत चालली आहे, असे म्हणायला एकही तोंड उघडत नाही, कारण प्रत्येक तोंडात त्या देगीचा घास असतो.

कायद्याने मुतवल्लीला दरवर्षी अंदाजपत्रक आणि हिशेब मंडळाकडे द्यावाच लागतो. 2013 च्या दुरुस्तीने वक्फ जमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा गहाण मुळातच रद्दबातल ठरवले. 2014 च्या नियमांनी भाडेपट्ट्यासाठी जाहीर बोली आणली. यातले काही जमातीला कोणी सांगते का? जुम्याच्या खुतब्यात व्याजावर बोलले जाते, सिनेमावर बोलले जाते, मुलींच्या मोबाईलवर तर फारच बोलले जाते. मिंबरच्या पायाशी बसलेल्या मुतवल्लीला, गेल्या वर्षी किती जमा आणि किती खर्च, हे विचारलेले आमच्या कानांवर आलेले नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की घरचे धुणे चव्हाट्यावर का धुवायचे, तेही अशा दिवसांत? एप्रिल 2025 मध्ये नवा दुरुस्ती कायदा लागू झाला. वक्फ मंडळांत बिगरमुस्लिम सदस्यांची तरतूद आली. वापरामुळे वक्फ ठरण्याची जुनी वाट पुढच्या काळासाठी बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 रोजी काही कलमे तात्पुरती रोखली, संपूर्ण कायदा रोखला नाही. या कायद्यातील अनेक गोष्टी आम्हाला अन्यायाच्या वाटतात आणि त्यांविरुद्ध न्यायालयात, रस्त्यावर सनदशीर भांडलेच पाहिजे. पण हाच कायदा शांतपणे वाचला तर आणखी एक कलम दिसते. मुदतीच्या कायद्यापासून वक्फला असलेले संरक्षण काढून घेतले आहे. म्हणजे बारा वर्षे कब्जा करून बसलेला माणूस उद्या हक्क सांगू शकतो. अशा वेळी गप्प बसणे ही इज्जत राखणे नव्हे. ती कब्जेदाराला केलेली मदत आहे. उम्मीद पोर्टलवर नोंदणीची मुदत 2025 च्या डिसेंबरात संपत आली तशी राज्याराज्यांत कागदांसाठी धावपळ उडाली. ज्यांनी दप्तर नीट ठेवले होते त्यांना धावावे लागले नाही. धुणे घरातच, वेळेवर धुतले असते तर चव्हाट्यावर जायची वेळ आली नसती.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. काही विद्वान म्हणतात, वक्फ हीच जुनाट, आर्थिक प्रगतीला न मानवणारी संस्था आहे. आम्हाला हे मान्य नाही. सिंगापूरमध्ये मुसलमान अल्पसंख्याक आहेत. तिथल्या इस्लामी धर्मपरिषदेने बेनकूलेन स्ट्रीटवरील जुन्या मशिदीच्या वक्फ जागेचा 2001 च्या सुमारास सुकूक रोखे काढून, म्हणजे व्याज न घेता, विकास केला. नवी मशीद झाली, सोबत दुकानगाळे आणि भाड्याच्या सदनिका झाल्या. उत्पन्न धर्मकार्याला मिळते. वक्फ तोच, शरीयत तीच. फरक कारभाराचा आहे. बैल मरतुकडा झाला तर दोष वैरण खाणाऱ्याचा असतो, बैलाचा नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक मशिदीच्या आणि दर्ग्याच्या दर्शनी भिंतीवर एक फलक लागावा. त्यावर गट क्रमांक, क्षेत्र, कसणाऱ्याचे नाव, वर्षाचा खंड, जमा आणि खर्च लिहिलेला असावा. रमजानपूर्वीच्या एका जुम्याला हा हिशेब जमातीसमोर मोठ्याने वाचला जावा. दर गावात दोन तरुण असे तयार व्हावेत ज्यांना मुंतखबही वाचता येईल आणि सातबाराही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या शाळा जिल्ह्यात आहेत, तेव्हा हे काम अवघड नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून सर्वांना आहे. दहा रुपयांच्या अर्जाने तलाठी सजातील फेरफारांच्या नकला मागता येतात. प्रायोगिक सर्वेक्षणाचा गाववार तपशील उर्दूत आणि मराठीत जाहीर करावा, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे एकमुखाने केली जावी. आणि ज्या मुतवल्लीचा हिशेब चोख असेल त्याचा जाहीर सत्कार व्हावा, कारण असेही लोक आहेत आणि आज त्यांना कोणी विचारत नाही.

मित्रहो, चोर बाहेरचा असो की घरातला, त्याला सर्वांत जास्त भीती पोलिसाची नसते. पोलिसाला कसे समजवायचे हे त्याला ठाऊक असते. त्याला भीती वाटते ती हातात वही घेऊन प्रश्न विचारणाऱ्या माणसाची. आखिरतमध्ये पैन् पैचा हिशेब द्यावा लागेल, यावर आपला ईमान आहे. मग त्याची सुरुवात येत्या जुम्याला, आपल्याच मशिदीत व्हायला हरकत कोणाची आहे? ज्याची हरकत असेल, त्याच्यापासूनच हिशेब सुरू करावा.