वाफा उंच हवा, पण गच्चीवर नको

ठाण्याहून कल्याणकडे जाताना रुळांच्या कडेला पालक, मुळा, लाल माठ यांचे हिरवेगार वाफे दिसणे, हे इथल्या लोकल प्रवाशांच्या चांगलेच परिचयाचे आहे. आपल्या मोकळ्या जमिनीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली ती कर्मचाऱ्यांना कसायला दिली. हेतू चांगलाच होता. आक्षेप आला तो पाण्यावर. अनेक ठिकाणी या भाजीला शेजारच्या नाल्याचेच पाणी दिले गेले.

अशा भाजीतून टायफॉईड, कावीळ, जंत हे विकार होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पट्टकृमीची अंडी मैलापाण्यातून भाजीवर येतात, पोटात जातात आणि क्वचित मेंदूत पोचून फिट्सना कारण होतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मांसाहार न करणाऱ्यालाही हा आजार होतो, तो असा. भाजी धुऊन, शिजवून खाल्ली की जंतूंचा धोका पुष्कळ कमी होतो. पण शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे पानात शिरलेले असतात. ते धुऊनही जात नाहीत आणि शिजवूनही नाहीत.

डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला. अंबरनाथ-उल्हासनगरकडून येणारी वालधुनी कोणत्या रंगाची वाहते, हे कल्याणकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेव्हा 'घरची भाजी म्हणजे निर्विष भाजी' हे समीकरण आपल्या भागात आपोआप जुळत नाही. माती कुठली, पाणी कुठले, हे आधी विचारावे लागते.

म्हणूनच लाकडी फळ्यांचा उंच वाफा मला आपल्याकडे विशेष उपयोगी वाटतो. चार बाजूंनी फळ्या ठोकून त्यात बाहेरून आणलेली चांगली माती भरायची, एवढाच हा प्रकार. खालची जमीन कशीही असली तरी पीक आपण निवडलेल्या मातीत वाढते. पावसाळ्यात आवारात साचणारे पाणी वरपर्यंत येत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने काय थैमान घातले, ते या पट्ट्याने भोगले आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलात भेगाळलेल्या पायांनी उभे राहण्यापेक्षा वाफा दोन-अडीच फूट उंच केलेला बरा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही उकिडवे न बसता खुरपता येते.

लाकूड मात्र पारखून घ्यावे. भंगारात मिळणारे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मजबूत दिसतात, पण ते टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट पाजलेले असते. ते भाजीजवळ नको. पाडलेल्या चाळींची सागवानी दारे स्वस्तात मिळतात, परंतु जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर भरवसा ठेवू नये. वाळवी लागू नये म्हणून सुतार जळके ऑईल किंवा वाळवीचे औषध लावायला सांगतो. त्याला स्पष्ट नाही म्हणावे. बिनरंगी सागाच्या फळ्या विटांवर टेकवून, वर कच्चे जवसाचे तेल लावले तरी पुरते.

वाफ्याची रुंदी तीन फूट ठेवली की दोन्ही बाजूंनी हात पोचतो. तळात नारळाची सोडणे व पालापाचोळा, वर फूटभर लाल माती आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे. भरावाची माती नको. पाच-सहा तास ऊन हवे. पाणी नळाचे द्यावे, बोअरचे असल्यास आधी तपासून घ्यावे. वाफा रस्त्यापासून दूर असावा, आणि तरीही भाजी धुऊनच घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. हा वाफा बहुतेक जण गच्चीवर नेतात. एक घनफूट ओल्या मातीचे वजन ४५ ते ५० किलो भरते. सहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्यात फूटभर माती घातली की आठशे-नऊशे किलो झाले, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. वापरातल्या गच्चीसाठी साधारणतः १५० किलोचाच हिशेब धरलेला असतो. शिवाय ओल सदोदित मुरत राहते ती वेगळीच. ज्या शहरांत दर पावसाळ्यापूर्वी महापालिकेला धोकादायक इमारतींची यादी काढावी लागते, तिथे हा प्रयोग करू नये. गच्चीवर हलक्या कुंड्याच बऱ्या.

मग जागा कुठली? जमिनीवरची. पण ती आपण पेव्हर ब्लॉकने झाकून मोटारींना वाटून टाकली आहे. एका मोटारीच्या जागेत बारा फुटी दोन वाफे सहज बसतात. पाणी पेव्हरच्या फटींतून निघून जाते. फक्त खाली भूमिगत टाकीचा स्लॅब नाही, एवढे पाहावे. यातून इमारतीला रोजची भाजी पुरणार नाही, हे उघड आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात आठवड्यातून दोनदा माठ-मेथीची खात्रीची जुडी घरात येणे क्षुल्लक नाही.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघेलच. तेव्हा एक जागा भाजीसाठी मागावी. मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहू शकते, मेथी तिथे लावता येत नाही.