कांद्याची चाळ आणि माणसाचें घर

सिमेंटची जाळी हा शब्द उच्चारतांच आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें आम्ही न विचारतां सांगूं शकतों. संडासाच्या भिंतींतलें वरचें भोंक, जिन्याच्या अंधाऱ्या वळणावरची पट्टी, नाहींतर शेतांतील विहिरीजवळची मोटारीची खोली. तालुक्याच्या गांवाबाहेर रस्त्याच्या कडेला सिमेंटचे नळ, गुरांच्या गव्हाणी, कुंपणाचे खांब आणि तुळशीवृंदावनें मांडून बसलेल्या कारखानदाराकडे ही फूटभर लांबरुंद, मधून आरपार मोकळी वस्तु रचून ठेवलेली असते. आतां तर एका कडेस खांच आणि दुसऱ्या कडेस त्या खांचेंत बसणारी धार असलेले ठोकळेहि मिळतात. एक ठोकळा दुसऱ्यांत अडकतो, ओळ सरळ राहते, मालहि थोडा लागतो, आणि बेताच्या हाताचा गवंडीसुद्धां काम उरकूं शकतो. वस्तु सुधारली, पण तिची जात मात्र बदलली नाहीं. दिवाणखान्यांत तिला प्रवेश नाहीं, निजावयाच्या खोलींत नाहीं, स्वयंपाकघरांत नाहीं, आणि शाळेच्या वर्गांत तर नाहींच नाहीं. हा बहिष्कार अज्ञानाचा आहे, आणि त्याची किंमत आपण दर उन्हाळ्यांत मोजीत आहों, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत मांडण्यासाठीं आम्ही पुणतांब्याचा दाखला घेतों. गोदावरीच्या कांठचें हें गांव, पूर्वीच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतलें, महाराष्ट्रास दोन कारणांनीं ठाऊक आहे. चांगदेवांची समाधि तेथें आहे. आणि १ जून २०१७ रोजीं सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाची हांक याच गांवांतून निघाली. आमचें कारण तिसरें आणि त्या मानानें अगदीं क्षुल्लक आहे. या सबंध पट्ट्यांत उन्हाळी कांदा होतो, आणि तो पावसाळा संपेपर्यंत चाळींत सांभाळावा लागतो. ही कांदाचाळ आमच्या नागर वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावी. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, आणि तोहि फटींचा, म्हणजे खालून वारा यावा. दोन्ही लांब बाजूंस बांबूच्या किंवा लांकडी पट्ट्यांच्या, नाहींतर तारेच्या जाळीच्या भिंती. कांद्याचा थर चार-पांच फुटांहून रुंद नाहीं, कारण त्याहून रुंद केला तर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोंचत नाहीं. वर पत्रा किंवा कौलें, आणि पागोळ्यांचें पाणी आंत उडूं नये म्हणून पुढें काढलेलें छप्पर.

एवढा खटाटोप कशासाठीं? उपटलेला कांदाहि जिवंत असतो म्हणून. तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, ओलावा सोडतो. ती उष्णता आणि तो ओलावा तेथल्या तेथें कोंडला कीं कांदा काजळतो, सडतो आणि शेजारच्यालाहि सडवितो. हें शास्त्र शेतकऱ्यास पुस्तकाविना कळतें, कारण चुकलें तर त्याचें वर्ष बुडतें. सरकारासहि तें कळतें, म्हणून तें कांदाचाळीस अनुदान देतें आणि तिची लांबी, रुंदी व उंची ठरवून देतें.

आतां त्याच शेतकऱ्याचें घर पाहा. चाळीपासून वीस पावलांवर विटांची चौकोनी पेटी उभी असते, वर सिमेंटचा स्लॅब किंवा उघडा पत्रा, आणि भिंतीला एक खिडकी. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेनें घरकुलाचें किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट, ठरवून दिलें. तेवढ्या जागेंत पांच-सहा माणसें निजतात, जेवतात, आजारी पडतात. तीं माणसेंहि श्वास घेतात, उष्णता सोडतात, ओलावा सोडतात. चुलीचा नाहींतर शेगडीचा ताप त्यांत आणखी मिळतो. पण त्यांच्यासाठीं आरपार वाऱ्याची भिंत कोणी बांधीत नाहीं. कांद्याला वारा आणि माणसाला कोंडवाडा, असा हा न्याय आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आमच्या जुन्या घरांतहि जाळ्या नव्हत्या. खरें आहे, आणि जुन्याचे पोवाडे गाण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. धाब्याचीं घरें अंधारीं होतीं, धुरानें काळवंडलेलीं होतीं, आणि त्यांत बायकांच्या डोळ्यांचे काय हाल होत हें आमच्या पिढीनें पाहिलें आहे. परंतु त्या घरांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असत आणि दुपारचें ऊन आंत पोंचूं देत नसत. माळवदाला साणें असे, त्यांतून धूर आणि तापलेली हवा वर निघून जाई. आपण जाड भिंत टाकली, साणें बुजविलें, आणि त्या दोहोंच्या बदल्यांत कांहींच घेतलें नाहीं.

यांत नेमकें काय बिघडतें तें आंकड्यांनीं सांगतों. आजच्या खोलीची उंची बहुधा दहा फूट असते आणि खिडकीची वरची कड सात फुटांवर. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि खिडकीच्या वरच्या तीन फुटांत अडकून बसते. वरून स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर तें खोलींत ओकतो. म्हणूनच वैशाखांत मध्यरात्रीं अंगण गार झालेलें असतें आणि घर मात्र भट्टीसारखें राहतें. राष्ट्रीय इमारत-संहितेनें उष्ण व कोरड्या प्रदेशांत जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश इतके, दारें वगळून, उघड्या खिडक्या-झरोके असावेत असें सांगितलें आहे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोली धरली तर १२ चौरस फूट उघडीक हवी. चार फूट लांबरुंद खिडकीची १६ भरते असें वाटतें. पण हल्लींची खिडकी सरकत्या काचांची, एका वेळीं निम्मीच उघडते. राहिले ८. आतां समोरासमोरच्या दहा-दहा फुटांच्या दोन भिंतींत, अगदीं वर, फूटभर मापाच्या जाळीची एकेकच ओळ घाला. एकूण वीस जाळ्या झाल्या. प्रत्येकींत चाळीस टक्के पोकळी धरली तर आणखी ८ चौरस फूट उघडीक मिळते. बेरीज १६ होते, कायदा पुरा होऊन वर उरतो, आणि कोंडलेल्या उष्ण हवेस नेमकी तिच्या जागीं वाट मिळते. समोरासमोर हा शब्द मात्र विसरूं नये. जाण्यास वाट नसेल तर वारा येण्याचेंहि नाकारतो.

हा प्रयोग नवा नाहीं. पॅरिसजवळ ल रॅंसी येथें ओग्युस्त पेरे यानें १९२३ साली पुरें केलेलें प्रार्थनामंदिर चारी बाजूंनीं काँक्रीटच्या जाळीचें आहे. त्याच साली अमेरिकेंत पासाडेना येथें फ्रँक लॉइड राइट यानें सांच्यांतून काढलेल्या नक्षीदार, कांहीं आरपार छिद्रांच्या ठोकळ्यांचें मिलार्ड भवन उभें केलें, आणि तें एका सुसंस्कृत बाईचें राहतें घर होतें. ब्राझीलमधील रेसिफे या उष्ण शहरांत १९२९ च्या सुमारास तिघा गृहस्थांनीं असाच पोकळ ठोकळा काढला. त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'कोबोगो' हें नांव पडलें, आणि आज त्या देशांत थोरामोठ्यांच्या घरांतहि तो मानानें वावरतो. आपल्याकडे लॉरी बेकर या इंग्रजानें (१९१७-२००७) केरळांत आयुष्य वेंचून विटांच्या जाळीच्या भिंती बांधल्या. तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राच्या इमारती पाहिल्या म्हणजे स्वस्त आणि सुंदर हे शब्द एकमेकांचे वैरी नाहींत हें पटतें. आणि परदेशांत तरी कशाला जावें? पुणतांब्याहून फार दूर नसलेल्या छत्रपती संभाजीनगरास बीबी का मकबऱ्यांत समाधीभोंवतीं संगमरवरी जाळी उभी आहे, आणि तिचें कौतुक करावयास आपण मुलाबाळांसह जातों. थडग्याला जाळी चालते, कांद्याला चालते, संडासाला चालते. चालत नाहीं ती फक्त जित्या माणसाच्या खोलीला.

आतां आक्षेप. धूळ येते, हा पहिला. येते खरी, पण ती झाडून काढतां येते, कोंडलेली हवा झाडतां येत नाहीं. डांस येतात, हा दुसरा. आंतून बारीक तारेची जाळी लावावी. खिडकीला आपण ती लावतोंच. वैशाखांतली दुपारची झळ आंत येईल, हा तिसरा आणि सर्वांत सबळ आक्षेप. तो आम्हांस मान्य आहे. कोरड्या हवेच्या मुलुखांत भर दुपारीं घर मिटून घ्यावें आणि सूर्यास्तानंतर उघडावें, हाच शहाणपणा आहे. त्यासाठीं जाळीस आंतून बिजागरीचें झडप बसवावें. तें थंडींतहि उपयोगी पडेल. पश्चिमेच्या बाजूस तर पडवीलाच बाहेरून जाळीची भिंत द्यावी, म्हणजे ऊन मूळ भिंतीवर पडणारच नाहीं. चोराचा आणि उंसांतून येणाऱ्या बिबट्याचा धाक घालणाऱ्यांस आमचें उत्तर असें कीं, काचेच्या खिडकीपेक्षां काँक्रीटची जाळी फोडणें कठीण असतें. जाळीची भिंत स्लॅबचें ओझें पेलीत नाहीं, हा गवंड्याचा आक्षेप मात्र अक्षरशः खरा आहे. ओझें खांब-तुळयांनीं किंवा भरीव भिंतीनें पेलावें आणि जाळी त्यांच्यामध्यें बसवावी. उंच पडदा असेल तर सळई घालावी. खांचेचा ठोकळा आहे म्हणून सळईहि नको आणि मालहि नको असें कोणी विक्रेता सांगूं लागला, तर त्याच्याकडून माल घेऊं नये. ठोकळा ओतल्यावर दोन आठवडे त्याला पाणी पाजलें होतें कीं नाहीं हेंहि विचारावें; न पाजलेला ठोकळा नखानें कुरतडतो.

परंतु हे सारे आक्षेप तोंडदेखले आहेत. खरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. गंमत अशी कीं, हाच एकमेकांत अडकणारा काँक्रीटचा ठोकळा, ज्याला लोक गट्टू म्हणतात, आज गांवोगांव देवळापुढें, चावडीपुढें, गल्लीबोळांत मोठ्या थाटानें बसविला जातो आणि त्याच्या उद्घाटनाचे फलक लागतात. जमिनीवर बसला तर तो विकास, आणि भिंतींत बसला तर तें दारिद्र्य! याचें मूळ शोधावयास खेड्यांत जाऊं नये. खेडें शहराकडे पाहून शिकतें, आणि शहर तुमच्या-आमच्याकडे पाहून. आपण चारी बाजूंनीं काचा लावून आंत गारव्याचें यंत्र बसवितों. तें बहुधा खोलींतली तीच ती हवा फिरवून गार करतें आणि बाहेरची ताजी हवा आंत आणीत नाहीं. ज्याला यंत्र परवडत नाहीं तो काचा तेवढ्या लावतो. वीज गेली कीं दोघेहि सारखेच उकडतात. पण आपल्याला वीज परत येण्याची खात्री असते, त्याला नसते.

गोष्ट नुसत्या उकाड्याचीहि नाहीं. क्षयाचे जंतु हवेंतून पसरतात. पेरू देशाच्या लिमा शहरांतील आठ रुग्णालयांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तींत दारें-खिडक्या उघडल्यावर खोलींतली हवा तासाला सुमारें २८ वेळां बदलते असें आढळलें, तर यंत्रानें हवा खेळविलेल्या खोल्यांचा हिशेब १२ चा होता. आणि हवा सर्वांत चांगली खेळत होती ती उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, १९५० पूर्वीं बांधलेल्या इमारतींत. २०२० च्या महामारींत हाच धडा साऱ्या जगानें पुन्हां गिरविला. तरीहि आम्हांस उभें आयुष्य ज्या व्यवसायांत काढावें लागलें, त्या व्यवसायाच्या नव्या इमारती काचेच्या पेट्या होत चालल्या आहेत, आणि एप्रिलांत तेथें परीक्षेस बसलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर घामाचे डाग पडत आहेत.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. घरकुलाचा नकाशा मंजूर करतांना छताखालीं समोरासमोर जाळीची एक ओळ सक्तीची करावी. शाळेचा वर्ग आणि अंगणवाडी यांस तिच्यावांचून परवानगी देऊं नये. पण सरकारावर सोडून दिलेलें काम कसें होतें हें सर्वांस ठाऊक आहे; तेव्हां पहिली भिंत आपल्याच घरची असावी. ज्यांचें घर यंदा बांधावयाचें आहे, त्यांनीं स्वयंपाकघरापासून आरंभ करावा, कारण घरांतील सर्वांत तापलेली खोली ती, आणि तींत सर्वांत अधिक वेळ उभें राहणाऱ्या माणसाचें मत आजवर नकाशावर कोणीच घेतलेलें नाहीं.

चांगदेव वाघावर बसून भेटीस आले तेव्हां ज्ञानदेवांनीं भिंत चालविली, अशी कथा आहे. आम्हांस भिंतीकडून तेवढ्या चमत्काराची अपेक्षा नाहीं. तिनें खुशाल जागच्या जागीं उभें राहावें. वाऱ्याला मात्र अडवूं नये.