एकच मैदान, दोन मापे

दहावीचा निकाल लागला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागांत घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पेपर तर सर्वांना तोच होता ना?’ हे वाक्य आम्हीही उच्चारले आहे. त्याचे उत्तर मात्र आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणी, गोल्फच्या नियमांत, सापडले.

गोल्फ आपल्या नित्य परिचयाचा खेळ नव्हे. पण भारतात तो जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. चेंडू दांड्याने टोलवीत क्रमाने अठरा खळग्यांत घालावयाचा. ज्याचे फटके कमी, तो विजयी. परंतु प्रत्येक मैदान निराळे. कोठे तळे, कोठे वाळूचे खड्डे, कोठे दाट झाडी. मग मैदानाची अवघडता मोजावयाची कशी?

निष्णात खेळाडूला तेथे किती फटके लागतील, हे एक माप. त्यास ‘कोर्स रेटिंग’ म्हणतात. पूर्वी एवढ्यावरच भागवीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलातील डीन नुथ यांनी सामान्य खेळाडूचेही माप घ्यावे, असा विचार मांडला. आता मोजणारे दोघांनाही डोळ्यांपुढे ठेवून मैदान तपासतात. पुरुषांत निष्णाताचा पहिला फटका २५० यार्डांचा आणि सामान्याचा २०० यार्डांचा धरतात. दोनशे यार्डांवरचा नाला पहिला सहज ओलांडतो; दुसऱ्याचा चेंडू नेमका त्यातच पडतो! वारा आणि चढउतारही हिशेबात येतात. समुद्रसपाटीपासून २,००० फुटांच्या वर विरळ हवेमुळे चेंडू अधिक दूर जातो, म्हणून उंचीही पाहतात. हा फरक बीदरच्या पठारावर धरावा लागेल, कलबुर्गीस नाही. इतकेच काय, अडथळे पाहून मनावर येणारे दडपणही मोजतात.

या दोन मापांतील अंतरावरून ‘स्लोप’ नावाचा आकडा काढतात. तो ५५ ते १५५ असतो. ११३ हा प्रमाण मानला आहे. समजा, दोन मैदानांवर निष्णाताला ७२ फटकेच लागतात. पण सामान्याला एके ठिकाणी ९३ आणि दुसऱ्या ठिकाणी ९७. पहिल्याचा स्लोप ११३, तर दुसऱ्याचा १३५. पहिल्या मैदानावर ज्याला २० फटक्यांची सवलत, त्याला दुसऱ्यावर सुमारे २४ मिळते. २०२० पासून ही रीत जागतिक पद्धतीचा भाग झाली आहे.

आता आपल्या घराकडे वळू. घरी मराठी बोलणारे मूल कन्नड वा इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहिते, तेव्हा पेपर तोच असतो. चढण तीच नसते. हुशार मूल नाला ओलांडून जाते आणि आपण त्याच्याच मापाने सर्वांना मोजतो. शेजारच्या मुलाचे गुण दाखवून आपल्या मुलास खाली मान घालावयास लावतो.

स्लोप कोणाचा नाला बुजवीत नाही. प्रत्येकाला आपला फटका स्वतःच मारावा लागतो. तो एवढेच सांगतो, की निवाड्यापूर्वी मैदान पाहा, आणि ते खेळणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. वाचकहो, पुढील निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हाती घेण्याआधी आपण मुलास एकच प्रश्न विचारू या : ‘बाळ, अवघड कोठे गेले?’