आधी नेम जुळवा, मग परवानगी मागा

रानडुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर मका लोळवला की काय वाटतं, ते मला कुणी सांगायला नको. माझाही मळा आहे. पण म्हणून परवान्याच्या .३१५ रायफलीवर मनगटाएवढी दुर्बीण चढवायची आणि एकही गोळी कागदावर न झाडता डुकरावर नेम धरायचा, हा प्रकार मी रावेरातही पाहिला आणि शिरपुरातही. याला पीकसंरक्षण म्हणू नका. ही निव्वळ मिरवायची हौस आहे.

गेल्या हिवाळ्यात रावेरकडच्या एका केळीमळ्यात मला अशी दुर्बीण बघायला बोलावलं होतं. सहा ते चोवीस पट, पुढची काच ५६ मिलिमीटर. अंगठ्याने दाबली तर नळी रिंगांत फिरली! माउंटची भोकं गावातल्या लेथवर पाडलेली. .३१५ मुळात उघड्या माशीवर नेम धरायला घडवलेली; तिला भोकं पाडणं हे परवानाधारक कारागिराचंच काम. बिनपरवाना फेरफार शस्त्र कायद्यात बसत नाही, आणि भोक केसभर तिरकं गेलं तर दुर्बीण एकीकडे बघते, गोळी दुसरीकडे जाते. मळ्याच्या मालकाला विचारलं, "किती गोळ्या झाडून जुळवली?"

"गोळी कशाला काका, लेझर टाकून पाहिलाय."

लेझरने गोळी फार तर कागदावर येते. दुर्बिणीचा मध्य रायफलीच्या नळीच्या चारेक सेंटिमीटर वर असतो; हा फरक तुमच्याच काडतुसाने, टेकू लावून, तीन-तीन गोळ्यांचे झुबके पाहून मिटवावा लागतो. पाव मिनिट कोनाने सरकणाऱ्या स्क्रूची एक टिकटिक म्हणजे १०० मीटरवर जेमतेम ७ मिलिमीटर. आणि ढिल्या रिंगा पहिल्याच दणक्याला सरकतात. मग जुळवलेलं सगळं वाया.

बरं, चोवीस पट हवी कशाला? केळीच्या सरीत डुक्कर येतं तीस-चाळीस मीटरवर. तिथे चोवीसवर हात-दीड हात जागा दिसते. पळतं डुक्कर त्यात सापडणार कसं? उजेडाचा हिशोबही साधा आहे. काचेच्या व्यासाला पटीने भागा. ५६ भागिले २४ म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा झोत, ३२ भागिले ४ म्हणजे आठ. अंधारात डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. म्हणजे चार पटीची साधी दुर्बीणच रात्री जास्त उजळ दिसते.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. लेखी परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडणं गुन्हा आहे. माझं म्हणणं, तो कागद देण्याआधी ५० मीटरवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लावून दाखवायला सांगा. पोलिसांची चांदमारी महिन्यातून एक सकाळ परवानाधारकांना उघडा. ज्याला जमणार नाही, त्याला कागद देऊ नका. पोटात गोळी बसलेलं डुक्कर केळीत शिरतं, आणि सकाळी घड कापायला आत जातात त्या मजूर बायका.

रावेरकडच्या त्या मळ्यात दुर्बीण बघायला गेलो, त्या रात्री शेतीची लाईट बाराला आली. पलीकडच्या बांधावर उजेड हलला, तशी मालकाने "काय आहे बघू" म्हणत रायफल खांद्याला लावली आणि दुर्बिणीतून न्याहाळायला लागला. मी हाताने रायफलीची नळी खाली दाबली. बांधावर त्याचाच सालदार होता, डोक्याला बॅटरी बांधून केळीला पाणी भरत.