मांसाची जात तपासू नका, जनावर तपासा

या देशात माणसाला जात विचारतात तशी मटणालाही विचारतात. जनावर आजारी होतं का, कधी कापलं, कापणाऱ्याच्या हाताला पाणी मिळालं का, हे कोणी विचारत नाही. विचारतात एकच : कोणाचं आहे? उत्तर मनासारखं आलं नाही की माणूस मारतात.

28 सप्टेंबर 2015 च्या रात्री उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात मोहम्मद अखलाक यांना जमावानं ठेचून मारलं. मांसाचा नमुना प्रयोगशाळेत गेला. कशासाठी? गाईचं की बकऱ्याचं हे ठरवायला. 2016 उजाडलं तरी त्यावर भांडण चालूच. विज्ञानाचं यांनी पंचांग करून टाकलं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे, तर हे साले तिथंही जात बघत बसले.

आपल्याकडे काय वेगळं आहे? मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैल आणि वळू कापणंही गुन्हा झालं. पाच वर्षांपर्यंत कैद. परराज्यात कापलेलं गोमांस घरात सापडलं तरी तुरुंग, असंही कलम होतं. ते मुंबई उच्च न्यायालयानं मे 2016 मध्ये रद्द केलं. 15 ऑगस्ट 2025 ला, ऐन स्वातंत्र्यदिनी, कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मांसविक्री बंद ठेवायचा हुकूम काढला. म्हणजे आमच्या पातेल्यात डोकवायला यांच्याकडे कायदा आहे, पोलीस आहे, वेळ आहे. दुकानं बंद करायची असली की यादी तयार. तपासायची म्हटली की साहेबांना वस्तीचा रस्ता सापडत नाही.

मी वस्तीत राहतो. रविवारी सकाळी दुकानापुढच्या गर्दीत उभा असतो. गटारावर फळी, फळीवर ओंडका, शेजारी एक बादली. त्याच पाण्यात सुरी, त्याच पाण्यात हात, त्याच पाण्यात फडकं. मला त्या खाटकाचा राग येत नाही. त्याला नळ कोणी दिला? मोरी कोणी दिली? बर्फ कोणी दिला? घाण त्याच्या हाताची दिसते, पण ती कचेरीतून आलेली आहे.

आणि नियम नाहीत असं नाही. 2001 चे कत्तलखान्याचे नियम वाचा. शहराच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायचं नाही. मोठ्या कत्तलखान्यात जनावर पशुवैद्यकानं तपासलेलं पाहिजे. एका डॉक्टरनं तासाला 12, दिवसाला 96, याच्यावर जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एकेका जनावराला पाच मिनिटं. जनावर उभं असताना त्याची चाल बघायची, डोळे बघायचे, ताप बघायचा. कापल्यावर फुप्फुस, यकृत, गाठी चिरून बघायच्या. क्षयाच्या गाठी आहेत का, यकृतात पाण्याचे फोड आहेत का. मग शिक्का. गंमत बघा : हे नियम केलेत ते प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये या कायद्याखाली! खाणाऱ्या माणसाची दया कोणाला आली नव्हती, जनावराची आली, म्हणून आम्हाला ही पाच मिनिटं मिळाली. तीही कागदावर. मुंबईत देवनारचा कत्तलखाना 1971 पासून उभा आहे. तपासणी काय असते हे सरकारला चांगलं ठाऊक आहे.

आता माझा मुद्दा ऐका. बंदीनं खाणं थांबत नाही. बंदीनं तपासणी थांबते. चोरून कापलेल्या जनावराला डॉक्टर कुठून येणार? अंधारात कापलेलं मांस अंधारातच विकलं जातं आणि त्यातला रोग गरिबाच्या पोटात उजेडाला येतो. बंदी घालणारे म्हणतात, आम्ही पावित्र्य राखतो. राखा. पण सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे. सोवळ्यानं एक जंतू मेल्याचा दाखला मला दाखवा.

फाशीचंच बघा. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. जनावर उभ्याचं पडतं आणि मरतं. नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त येतं, ते गोठत नाही. असं जनावर कापायचं नाही, सोलायचं नाही, फाडायचं नाही. कारण रक्ताला हवा लागली की जंतू बीजाणू धरतो. तो बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो, उन्हाला भीत नाही, साध्या उकळीला लवकर दाद देत नाही. न फाडता जाळायचं, नाहीतर खोल खड्ड्यात पुरायचं, हा उपाय. रॉबर्ट कॉखनं हा जंतू 1876 मध्ये उलगडून दाखवला. लुई पाश्चरनं 1881 मध्ये जाहीर प्रयोग करून लस दाखवली. आणि इथं? गावाचं मेलेलं ढोर ओढायचं काम कोणाला दिलं होतं? सोलायचं कोणाला? ढोर कशानं मेलं हे पाटलानं सांगितलं होतं का? ओढा, सोला, खा, उरलेल्याच्या चान्या करून वाळत घाला. हाताला काळपुळी उठली की म्हणायचे देवीचा कोप. रोग बलुत्यात दिला आणि वर म्हणाले, हे घाण खातात म्हणून अस्पृश्य.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. ते स्वाभिमानासाठी होतं हे आपण जाणतो. पण त्यात आरोग्याचं जे शहाणपण होतं, ते सरकारच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. ओडिशात कोरापूटच्या आदिवासी पाड्यांत मेलेलं जनावर खाऊन अँथ्रॅक्स पुन्हा पुन्हा होतो. भूक असली की मेलेलं काय नि मारलेलं काय. आणि जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडलं. मारणाऱ्यांनी विचारलं, गाय कशी मेली? पोरांना हातमोजे दिले होते का, हे कोणी विचारलं? पोरांनी मग मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. उचला म्हणाले, तुमची आई आहे. त्या दिवशी साऱ्या देशाला वास आला.

आता डुकराकडे या. डुकराच्या मासात कधी साबुदाण्यासारखे पांढरे फोड दिसतात. ती पट्टकृमीची अळी. मास अर्धकच्चं खाल्लं की माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. डुक्कर ती विष्ठा खातं, म्हणून डुकरात अळी. डुक्कर विष्ठा का खातं? संडास नाही म्हणून. पण खरी गोष्ट पुढेच आहे. तीच अंडी पाण्यातून, भाजीवरून, न धुतलेल्या हातावरून ज्याच्या पोटात जातात, त्याच्या मेंदूत अळी घर करते आणि त्याला फेफरं येतं. हा रोग अनेक देशांत फेफऱ्याचं एक मोठं कारण आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तो व्हायला डुक्कर खावं लागत नाही! जन्मात मटणाला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतही ती अळी सापडते. कोशिंबिरीतून गेलेली. तुम्ही आम्हाला गावकुसाबाहेर ठेवलंत, पाणी दिलं नाहीत, संडास दिला नाहीत. आता घ्या. जंतू वेशीवर थांबत नाही.

आणि दूध? दुधाला तर देव्हाऱ्यात बसवलंय. पण गाय गोमाता आहे म्हणून ब्रुसेल्ला तिला सोडत नाही. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते. तिची वार उघड्या हातानं काढणारा गडी, तिचं कच्चं दूध पिणारं पोर, दोघांना ताप धरतो. चढतो, उतरतो, सांधे धरतात, महिनोन्महिने कळत नाही. डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या देतो. दूध नीट उकळलं की जंतू मरतो, पण गड्याच्या हाताला कोण उकळणार? रोगी गाय कळपातून काढायला हवी. कापायची नाही, पोसायला पैसा नाही. मग मालक ती बाजारात विकतो, नाहीतर रस्त्यावर सोडतो. रोग पुढच्या गावी. 2019 मध्ये केंद्र सरकारनं मथुरेत लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचायचा. चांगलं आहे. लस टोचायला पुजारी लागला नाही, हे लक्षात ठेवा.

जमत नाही म्हणू नका. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. सरकार पांढरे झगे घालून धावत आलं. कोंबड्या मारल्या, पुरल्या, पाळत ठेवली. रोग शहराच्या, निर्यातीच्या, भांडवलाच्या अंगावर यायला लागला की यांना सगळं जमतं.

दोस्तांनो, आपल्यातलेही काही म्हणतील, रोगाची भाषा बोलू नकोस, त्यांच्या हातात कोलीत देतोयस, ते म्हणतील, बघा, मांस घाणच. मला हे मान्य नाही. आपल्या खाण्याचा अभिमान नुसत्या घोषणेत राहिला तर तो पोराच्या जुलाबावर औषध होत नाही. वजडी खा, मुंडी खा, पाया खा, छाती काढून खा. पण चांगली धुतलेली, शिजून गळालेली, आणि निरोगी जनावराची. रोगट मांस हा आमचा वारसा नाही, ती आमच्यावर लादलेली सजा आहे. सजा टिकवून धरायला आपण येडे नाही.

म्हणून मोर्चा निघाला की मागण्यांत हेही लिहा. प्रत्येक वस्तीजवळ पाण्याचा, निचऱ्याचा, पशुवैद्यक असलेला कत्तलखाना. प्रत्येक मटणाच्या दुकानाला नळ आणि बर्फ, धाड नंतर. मेलेलं ढोर उचलायला सरकारी गाडी, आणि ज्याच्यावर संशय असेल ते न फाडता पुरायची सक्ती. कातडं सोलणाऱ्याला, गोठ्यातल्या गड्याला, कत्तलखान्यातल्या कामगाराला मोजे, बूट, तपासणी, औषध, भरपाई. घरोघरी संडास, त्याला पाणी, आणि तो हातानं उपसायला आमचा माणूस नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी तुमचा डबा उघडून विचारलं, कोणाचं आहे, तर त्यालाच उलट विचारा : तपासलंय का? शिक्का कुठाय? डॉक्टर कुठाय? त्याच्याकडे उत्तर नसेल, तर डबा त्याच्या हातातून घ्या आणि शांतपणे जेवा.