प्रकरण मिटलं म्हणे!

रविवारी रात्री 'पोएट्री' पाहिला. २०१०चा कोरियन सिनेमा, दिग्दर्शक ली चांग-डोंग. कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालेला. मला पाहायला इतकी वर्षं लागली, असो.

६६ वर्षांची मीजा नातवाला एकटी सांभाळते. अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्याचं करून चार पैसे मिळवते. शब्द आठवेनासे झालेत, डॉक्टर अल्झायमर सांगतात. त्यातच हौसेनं कवितेच्या वर्गात नाव घातलेलं. आणि मग कळतं, नातवाच्या शाळेतल्या एका मुलीनं नदीत जीव दिला. तिच्यावर अत्याचार करणाऱ्या सहा पोरांत आपला नातू आहे.

बाकीच्या पोरांचे बाप हॉटेलात जमतात. मुलीच्या आईला तीन कोटी वॉन द्यायचे, प्रत्येकी पन्नास लाख. पोलीस नको, पेपरवाले नको, पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे. ओळखीची वाटते ना बैठक? सबटायटल बंद केली असती तरी मला कळली असती.

बापमंडळी मीजालाच पुढे करतात. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही तिच्या आईला समजवा. ती शेतावर जाते. वाटेत जर्दाळू पडलेले दिसतात. त्या आईशी ती जर्दाळूंबद्दल, हवेबद्दल छान बोलते आणि परत फिरते. कशाला आलो होतो ते वाटेत आठवतं, आणि चेहरा उतरतो. संगीत नाही, रडारड नाही. मी सिनेमा थांबवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

कलेत दुःखाचा विसर पडतो म्हणतात. मला इथं उलटं दिसलं. सगळं विसरत चाललेली बाई कविता लिहायची म्हणून नीट बघायला शिकते, आणि बघितल्यावर त्या मुलीला विसरायला तयार होत नाही. तिचा फोटो आणून जेवणाच्या टेबलावर ठेवते. पैसे भरून मोकळं होणं बापांना जमलं, तिला नाही.

आता माझं. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका गावात मुलीच्या छेडछाडीचं प्रकरण देवळाच्या पारावर मिटवलं. मला बोलावलं होतं. चहा प्यायलो, बातमी केली नाही. कुणी धमकी दिली नव्हती, पैसेही दिले नव्हते. नुसतं म्हणाले, पत्रकारसाहेब, दोन्ही घरं आपलीच आहेत. मुलीला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या बैठकीतले एक जण परवा एसटी स्टँडवर भेटले. नमस्कार घातला. मीही घातला.