दोनावर थांबलात तर पुन्हा माझगाव होईल

या आठवड्यात एका वाहिनीवर आपल्या नव्या अणुपाणबुड्यांवर तासभर चर्चा झाली. चीनच्या किती, पाकिस्तानच्या किती, आपल्या क्षेपणास्त्रांचा पल्ला किती, सगळं बोलून झालं. या बोटी बांधणार कोणाचे हात, हा प्रश्न एकालाही पडला नाही. दोन पाणबुड्या मंजूर झाल्या, आता हिंदी महासागराची चिंता मिटली, असं सांगून चर्चा आटोपली. त्याच दिवशी उमरग्याकडच्या एका वाचकाचं पत्र हाती आलं. टँकरची वाट पाहणाऱ्या भागात बसून समुद्राखालच्या बोटींवर किती लिहिणार, असं त्यांनी विचारलं आहे. चर्चेचा मला राग आला, पत्राचा आला नाही. पण दोघांना द्यायचं उत्तर एकच आहे, आणि ते कारागिरांच्या हाताशी येऊन थांबतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं अणुऊर्जेवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना मान्यता दिली. खर्च सुमारे 40,000 कोटी रुपये, बांधणी विशाखापट्टणमच्या शिप बिल्डिंग सेंटरमध्ये, पहिली बोट 2036-37 च्या आसपास. नौदलाला हव्या आहेत सहा, आणि 2015 मध्ये योजनाही सहाचीच ठरली होती. अरिहंत ही आपण आधी बांधलेली, क्षेपणास्त्रं वाहणारी अणुपाणबुडी. अरिहंतनं दडून राहायचं, या बोटींनी पाठलाग करायचा. अरिहंतची अणुभट्टी 83 मेगावॅटची आहे. रशियाकडून भाड्यानं आणलेल्या दुसऱ्या ‘चक्र’ पाणबुडीची 190 मेगावॅटची होती. त्यामुळे भाभा अणुसंशोधन केंद्राला आता बरीच ताकदवान भट्टी घडवावी लागेल, आणि ती ते घडवतील. कल्पाक्कमला जमिनीवर पाणबुडीच्या कवचात भट्टी बसवून ती चालवून दाखवण्याचं काम डॉ. अनिल काकोडकरांच्या पिढीनं केलेलं आहे.

मला काळजी भट्टीची नाही. कामात पडणाऱ्या खंडाची आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये काय झालं ते आठवा. डिसेंबर 1981 मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीतल्या कीलला बांधायच्या, दोन मुंबईत. माझगावची माणसं जर्मनीत जाऊन काम शिकून आली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, 7 फेब्रुवारी 1992 ला नौदलात दाखल झाली. तिच्यामागून 28 मे 1994 ला शंकुल आली. आणखी दोन बोटी घ्यायची सोय होती, ती दलालीच्या आरोपांत वाहून गेली. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण चौकशी कागदांची चालली आणि शिक्षा गोदीला झाली. शंकुलनंतर पुढच्या पाणबुडीचा करार व्हायला ऑक्टोबर 2005 उजाडला. अकरा वर्षं. कार्यशाळा जागेवर होती, क्रेन जागेवर होत्या. हात जागेवर राहिले नाहीत. कोणी निवृत्त झालं, कोणी युद्धनौकांच्या कामाला लागलं, कोणी गोदी सोडली.

म्हणून 2005 च्या करारातल्या फ्रेंच स्कॉर्पिन पाणबुड्यांचं काम आल्यावर दोन पाणबुड्या बांधून झालेल्या गोदीला पुन्हा मुळापासून शिकावं लागलं. पहिली बोट 2012 मध्ये मिळायची होती. आयएनएस कलवरी दाखल झाली 14 डिसेंबर 2017 ला. परदेशातून सामग्री येण्यातला घोळ हेही उशिराचं मोठं कारण होतं, ते मी नाकारत नाही. पण पुढच्या तारखा पाहा. खांदेरी सप्टेंबर 2019, करंज मार्च 2021, वेला नोव्हेंबर 2021. करंज आणि वेलामध्ये नऊ महिनेही नाहीत. माणसं तीच, गोदी तीच, फक्त आता हात बसला होता. वागीर जानेवारी 2023 ला आली आणि सहावी वागशीर 15 जानेवारी 2025 ला. वागशीर नौदलाच्या ताब्यात गेली त्या दिवशी माझगावात पुढच्या पाणबुडीचं पोलाद कापायला सुरुवात झाली होती का? नव्हती. तीस वर्षांपूर्वीची चूक आपण डोळ्यांदेखत पुन्हा करत होतो.

आता याच्या शेजारी ब्रिटनचं बॅरो ठेवा. आयरिश समुद्राच्या काठावरच्या या गावात ब्रिटनच्या अणुपाणबुड्या बांधल्या जातात. व्हॅनगार्ड वर्गाच्या चार मोठ्या बोटी संपत आल्या, शीतयुद्ध सरलं, आणि सरकारनं हात आखडता घेतला. दहा हजारांहून जास्त कामगारांच्या गोदीत काही वर्षांत तीन-चार हजार उरले. ॲस्ट्यूट या नव्या हल्लेखोर वर्गाचं काम मार्च 1997 मध्ये दिलं गेलं. 2001 मध्ये बांधणी सुरू झाली आणि लगेच लक्षात आलं की ज्यांना विचारायचं ती माणसंच घरी गेली आहेत. आराखडे मागे पडले, खर्च फुगला. शेवटी 2003 मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीचे जाणकार मदतीला बोलवावे लागले. पहिली ॲस्ट्यूट जून 2007 मध्ये गोदीबाहेर आली आणि ऑगस्ट 2010 मध्ये नौदलात गेली.

ब्रिटननं पहिली अणुपाणबुडी 1960 मध्ये पाण्यात सोडली होती. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या देशाला काही वर्षांचा खंड एवढा महाग पडला. आपली अरिहंत पाण्यात उतरली 26 जुलै 2009 ला, नौदलात आली 2016 मध्ये, आणि दुसरी अरिघात ऑगस्ट 2024 मध्ये. आपल्या गाठीला एका मालिकेचा अनुभव आहे. आपल्याला खंड परवडेल असं ज्यांना वाटतं त्यांनी बॅरोचा हिशेब एकदा मांडून बघावा. ब्रिटननं मात्र धडा घेतला. ॲस्ट्यूटच्या बोटी गोदीत असतानाच 2016 मध्ये पुढच्या ड्रेडनॉट वर्गाचं पोलाद कापायला घेतलं, आणि त्यापुढच्या वर्गाचं काम ऑस्ट्रेलियाला सोबत घेऊन आखलं. बॅरोत आज पुन्हा दहा हजारांच्या वर माणसं कामाला आहेत. आपण धडा घेतल्याची खूण मला अजून दिसलेली नाही.

हात म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. आमच्या नळदुर्गात महामार्गाला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारी दुकानं आहेत. पावसाळ्यात तिथला वेल्डर रॉड आधी पत्र्यावर पसरून उन्हात तापवून घेतो. ओला रॉड तडतडतो, जोडात भोकं राहतात, हे तो अनुभवानं शिकला आहे. पाणबुडीच्या गोदीत याच कामासाठी ओव्हन असतात. रॉड ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ भाजून मगच वेल्डरच्या हाती दिला जातो. ओलाव्यातला हायड्रोजन त्या जाड, चिवट पोलादात शिरला तर जोड मारताना काहीच दिसत नाही. दिवस-दोन दिवसांनी आतून केसाएवढा तडा जातो. म्हणून पोलाद आधी तापवायचं, जोडताना तापमान राखायचं, नंतर हळूहळू निवू द्यायचं, आणि मग क्ष-किरणांनी, अल्ट्रासॉनिकनं जोड तपासायचा. चूक सापडली की खरवडून काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दर दहा मीटर खोलीला हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब त्या जोडावर चढतो, आणि ही बोट शेकडो मीटर खाली जाते. हे काम कधी अडचणीत आडवं पडून, कधी डोक्यावरचा जोड धरून करायचं असतं. हात बसायला वर्षं लागतात. काम नसलं की बसलेला हात सुटतो.

गिअरचंही तेच. वाफेवरचं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, पाण्यातला पंखा त्या मानानं अगदी सावकाश फिरला पाहिजे. मधला सगळा वेग गिअर उतरवतो. त्याच्या एका दाताच्या कापणीत चूक राहिली तर पाण्यात एकसुरी आवाज जातो आणि शत्रूचा सोनार त्या आवाजावरून बोट ओळखतो. अरिहंतचे गिअर बनवले इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजनं. हाच कारखाना आपल्या साखर कारखान्यांची यंत्रं आणि गिअर बनवत आला आहे. ऊस आमच्या भागाचं पाणी पितो, हे माझं म्हणणं या स्तंभाच्या वाचकांना पाठ आहे आणि त्यात मी तसूभर बदल करणार नाही. पण साखर कारखान्यांच्या यंत्रांनी त्या कार्यशाळेतल्या कारागिरांना वर्षानुवर्षं सलग काम दिलं, म्हणून नौदलानं विचारणा केली तेव्हा गिअर कापणारा हात तयार सापडला, हेही तितकंच खरं मानतो. तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे नळदुर्गपासून तासाभराच्या अंतरावरचे. त्यांच्याच सिंदिया कंपनीच्या गोदीची कोनशिला 21 जून 1941 ला विशाखापट्टणमला बसली, आणि तिथून ‘जलउषा’ हे जहाज 14 मार्च 1948 ला पाण्यात उतरलं. आज अणुपाणबुड्या बांधल्या जातात त्या त्याच बंदरात. उमरग्याच्या वाचकांना माझं उत्तर हे आहे. हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहालही मला हेच सांगतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीत तो बांधला गेला. वरून पूर वाहतो आणि आतली दालनं कोरडी राहतात. लोक त्या एका स्थापत्यकाराच्या बुद्धीचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. माझं लक्ष मात्र त्या काळातल्या बाकी कामांकडे जातं. विजापूरचा इब्राहिम रोजा, नंतरचा गोलघुमट, शहरभर खेळवलेलं पाणी. गवंड्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना सलग काम मिळत होतं. एकेका पाणीमहालासाठी वीस-वीस वर्षं थांबावं लागलं असतं, तर हा सांडवा चारशे पावसाळे टिकला नसता. याला माझ्याकडे कागदाचा पुरावा नाही, पण माझं मत पक्कं आहे.

जे पाणबुड्या बांधणाऱ्यांचं, तेच त्या चालवणाऱ्यांचं. पहिली चक्र जानेवारी 1988 मध्ये सोव्हिएत संघाकडून मिळाली, तेव्हा ॲडमिरल जयंत नाडकर्णी नौदलप्रमुख होते. तीन वर्षांत अधिकारी आणि खलाशी अणुपाणबुडी चालवायला शिकले, आणि 1991 मध्ये बोट परत गेली. दुसरी चक्र आली 2012 मध्ये. एकवीस वर्षांत शिकलेल्यांपैकी बहुतेकांचं सागरी आयुष्यच सरलं होतं. तीही 2021 मध्ये परत गेली. तिसरीचा करार 2019 चा आहे. तिच्या भाड्याचा आकडा ऐकून डोळे फिरतात, तरी मी तिच्या बाजूनं आहे, कारण तिच्याशिवाय नव्या बोटींवर चढायला जाणते लोक कुठून आणणार?

पैशांची अडचण सांगणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे. एका वेळी सहाचे पैसे कोणीच मागत नाही. बोट बांधायला दहा-बारा वर्षं लागतात, पैसे त्या हिशेबानं लागतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटीची मान्यता पहिलीचं कवच पूर्ण होण्याआधी मिळाली पाहिजे, म्हणजे कवच जोडणारी टोळी पहिल्या बोटीवरून उतरून थेट तिसरीवर चढेल. अरिहंत मालिकेचं जोडकाम संपत येताना त्या वेल्डरांना या बोटींच्या सरावाच्या जोडांवर आत्ताच बसवायला हवं. माझगाव आणि विशाखापट्टणम या दोन गोद्यांनी कुशल माणसांची देवाणघेवाण करायला हवी, दोन वेगळ्या कार्यालयांच्या फायली आहेत म्हणून ती अडू नये. धाराशिव आणि सोलापूरच्या दोन्ही खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा अशी माझी मागणी आहे. तिसऱ्या बोटीची मान्यता कोणत्या वर्षी देणार, एवढा एकच प्रश्न.

आणि नळदुर्ग, अणदूर, जळकोटच्या ज्या घरांत आठवी, दहावी किंवा आयटीआय झालेलं पोरगं अथवा पोरगी आहे, त्यांच्यासाठी. माझगाव डॉकच्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत या तिन्ही गटांना जागा असतात. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, पाइप फिटर असे ट्रेड असतात आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळावर येते, अर्जही तिथेच भरायचा असतो. यंदा जाहिरात निघाली की अर्ज भरा.